दीड वाजताची शंका

सबीहा परकारला रोज दुपारी दीड वाजता एक शंका यायची. शुक्रवार तेवढा सोडून. शंका कुठल्या तरी मोबाइलच्या पोटातली असायची, आणि हजार किलोमीटरवर सलालाहला बसलेल्या नवऱ्याला फोन लावल्याशिवाय ती फिटायची नाही. एक वाजता दुकानाचं शटर खाली यायचं ते चारला वर जायचं. पुढच्या काउंटरवरचे दोघे केरळी जेवून खुर्चीतच लवंडायचे. सबीहाचं घर तिथून दहा मिनिटांवर, पण मस्कतजवळच्या माबेलाच्या उन्हात तेवढं चालणं म्हणजे शिक्षा, आणि घरी वाट बघणारं तरी कोण होतं? मागच्या खोलीत, पडद्याआड, ती डबा उघडायच्या आधी फोन उचलायची.

पडद्याचं आधी सांगायला हवं. इकडे बाईमाणसाचा मोबाइल म्हणजे तिचं कपाट. त्यात लग्नातले फोटो असतात, केस मोकळे सोडून बसलेल्या बहिणी असतात, नणंदेबद्दल मैत्रिणीला सांगितलेलं काय काय असतं. ते कपाट परक्या पुरुषाच्या हातात देताना बायकांचा जीव वर-खाली होतो. म्हणून ज्या दुकानात दुरुस्तीला बाई बसते तिथे बायका लांबून येतात. सबीहाच्या दुकानावर अरबी आणि इंग्रजीत ‘लेडीज रूम’ अशी पाटी होती. आत एक टेबल, एक लॅपटॉप, भिंगाचा दिवा आणि दोन खुर्च्या. सबीहाचा एक नेम होता. फोन सुरू झाला रे झाला की ती तो टेबलावर पालथा घालायची आणि तसाच बाईपुढे सरकवायची. गेल्या सात वर्षांत तिने शेकडो बायकांची कपाटं उघडून दिली होती आणि एकाही कपाटात डोकावली नव्हती. त्याचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही होता, कारण बायका फोन घेऊन उठायच्या, दुवा द्यायच्या आणि निघून जायच्या.

हे काम तिला शिकवलं इरफानने. गुहागरकडचा हा माणूस वीस वर्षांपूर्वी मस्कतला आला, माबेलात त्याने स्वतःचं छोटं दुकान थाटलं, आणि बायका ‘मदाम नाही का?’ विचारून परत जायला लागल्या तेव्हा त्याने एका सुट्टीच्या दिवशी बायकोला स्वयंपाकघरात फळीसमोर उभं केलं.

“ही फळी म्हणजे फोन,” तो म्हणाला होता. “हे डबे ओळीनं लावलेत. मीठ, हळद, मसाला, शेवटी तांदळाचा मोठा. फोन सुरू होताना लोगोवरच अडकला तर डब्यातला माल बदलायचा, त्याला फ्लॅश म्हणतात. आणि कुठला डबा फळीवर कुठनं सुरू होतो, केवढा रुंद हाय, त्यात काय भरायचा, ह्याची जी यादी असते, ती स्कॅटर फाइल. समजला?”

“आणि तांदळाचा डबा?”

“तो युजरडेटा. बाईचा जो काय असंल तो त्यात. त्याच्यासमोरची टिक काढायची. टिक काढली की मशीन त्या डब्याला हात लावत नाय.”

प्रेमाचं बोलणं इरफानला कधी जमलं नाही. सूचना मात्र तो जीव ओतून द्यायचा. पावसात गावी जाताना कुठली चप्पल घाल, उतारावर गाडीत पुढे बस, टिक काढल्याशिवाय बटण दाबू नको. सबीहाने लग्नानंतर वर्षभरात ओळखलं होतं की ह्या माणसाचं जे काही आहे ते सूचनांतच आहे, आणि तिने ते तसंच घेतलं.

पहिल्या आठवड्यात तिने स्वतःच्या जुन्या फोनवर उत्साहाच्या भरात ‘फॉरमॅट ऑल’ दाबलं. फळीच साफ झाली. फोन छान उघडला, रंग बिंग सगळे दिसले, पण एनव्हीरॅम नावाच्या डब्यात फोनचा जो स्वतःचा नंबर असतो तो पुसला गेला. त्यावर कुणाला फोन लागेना आणि कुणाचा येईना. इरफान पोट धरून हसला. “जिवंत हाय, पण आता ह्याला कोण विचारनार नाय,” म्हणाला. तो फोन तिने अजून टाकलेला नव्हता.

मग रस्ता रुंद झाला आणि इरफानचं दुकान रस्त्यात गेलं. दोन गल्ल्या पलीकडे नवं मोठं मोबाइलचं दुकान निघालं, त्याच्या अर्बाबाने, म्हणजे ओमानी मालकाने, निरोप पाठवला. इरफान इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि लगेच परत आला. दुरुस्ती करणारे पुरुष त्यांच्याकडे पुष्कळ होते. त्यांना हवी होती बाई. त्या दिवशी तो जेवला, हात धुतले आणि म्हणाला, “जा तू. चांगली जागा हाय.” महिन्याभरात त्याने सलालाहला एका दुकानात काम धरलं. मुलगी सना तेव्हा दहावीला होती, म्हणून मायलेकी माबेलात राहिल्या. तिची बारावी झाली की एकत्र राहायचं बघू, असं ठरलं.

सुरुवातीला सबीहाच्या शंका खऱ्या असायच्या. दीड वाजता ती विचारायची, तो सांगायचा, आणि त्याचा आवाज सांगता सांगता मोठा व्हायचा. तिकडे त्याला स्क्रीन बदलायला आणि काच चिकटवायला बसवलं होतं. फ्लॅशिंगचं काम महिन्यातून एखादं. पण दीड वाजता तो उस्ताद असायचा. बटण दाबायच्या आधी टिकांचा फोटो पाठव म्हणायचा, फोटो बघून “बरां, दाब” म्हणायचा, आणि मग, जणू सहज, “काय केलास जेवायला?” विचारायचा. ते शेवटचं वाक्य ऐकायला सबीहा बाकीचं सगळं ऐकायची.

आता बाई हुशार असली तर तिने काय करावं? दुपारचे तीन तास रिकामे. लॅपटॉपवर पाकिस्तानी, व्हिएतनामी, कुठले कुठले कारागीर आपापले व्हिडिओ टाकतात. सबीहा बघत गेली. स्कॅटर फाइलमधले ते आकडे, ज्यांच्यात मधेच इंग्रजी अक्षरं घुसतात, ते तिला वाचता यायला लागले. कुठला डबा कुठे संपतो हे ती कागदावर बेरीज करून सांगू लागली. वर्षभरात तिला इरफानपेक्षा जास्त यायला लागलं आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आता विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्या दिवशी ती घाबरली. विचारायचं काही नाही म्हटल्यावर फोन कशाला करायचा? ‘आठवण आली’ असं म्हणून फोन करायची त्यांच्यात पद्धत नव्हती, आणि आज अचानक केला असता तर इरफानने आधी तब्येतीचं विचारलं असतं. म्हणून तिने शंका बनवायला घेतल्या. सनाच्या शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती त्या लिहून ठेवायची. हे सोपं काम नव्हे. शंका फार बाळबोध असली तर त्याला संशय येणार, फार अवघड असली तर त्याला उत्तर येणार नाही आणि मग त्याचा आवाज पडणार. त्याला नक्की येईल आणि तरी सांगताना थोडा विचार करावा लागेल, अशा बेताची शंका रोज एक. उत्तर ठाऊक असल्याशिवाय असली शंका बनवताच येत नाही.

ऑगस्टमध्ये सना पुण्याला फार्मसीला गेली. घर एकदम मोठं झालं. बारावी झाली की बघू म्हणाले होते. बारावी झाली, बघायचं कुणीच नाव काढेना. सबीहाने एकदा आडून विचारलं, “तिकडे कशी हायत दुकानं?” तेव्हा तिकडे खरीफ चालू होता. गावाकडे खरीप म्हणजे भातलावणी, सलालाहला खरीफ म्हणजे भुरभुर पाणी आणि ते बघायला आलेल्या गाड्यांच्या रांगा. इरफान म्हणाला, “गर्दी फार हाय. आणि हितं लेडीज रूम नाय.” एवढंच. सबीहाने ते वाक्य पुढे चार दिवस उलटंसुलटं करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ तिला ‘येऊ नको’ असाच लागला. तिने पुन्हा विचारलं नाही. राहता राहिली दीड वाजताची शंका, आणि ती तिला जिवापाड जपायची होती.

ऑक्टोबरात एका कंपनीच्या एका मॉडेलला अपडेट आलं आणि ते फोन लोगोवर अडकायला लागले. सोमवारी सकाळी बद्रिया तसा फोन घेऊन आली. बद्रिया नवऱ्या मुलींच्या हातावर मेंदी काढायची. पंधरा वर्षांत काढलेल्या प्रत्येक हाताचा फोटो त्या फोनात होता आणि दुसरीकडे कुठेही नव्हता. खुर्चीत बसून ती अबायाच्या टोकाने डोळे पुसत होती आणि एकच शब्द घोकत होती, “सुवर, सुवर.” अरबीत सुवर म्हणजे फोटो. इथे आल्यावर पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा हिंदीतलं डुक्कर आठवून सबीहाने मनातल्या मनात तौबा केली होती. आता सवय झाली होती.

“सुवर खलास?” बद्रियाने विचारलं.

“इन्शाल्ला, नाही. चार वाजता या,” सबीहा म्हणाली.

कंपनीची मूळ फाइल, म्हणजे डब्यांत भरायचा माल, कुठे मिळेना. जी मिळाली ती कुणीतरी आपल्या चालू फोनातून जशीच्या तशी उतरवून घेतलेली होती, म्हणजे दुसऱ्याच्या फळीवरचे सगळेच डबे. सबीहाने यादी उघडली आणि कुठल्या टिका काढायच्या ते तिला बघताक्षणी कळलं. पण दीड वाजत आला होता. तिने एकही टिक काढली नाही आणि फोन लावला.

“जेवलाव काय?”

“जेवतोय. बोल.”

“एक शंका होती.”

तिने मॉडेल सांगितलं. इरफान खूश झाला. “अगो, तोच माझ्याकडं पण आलाय. नारळाच्या बागेवाल्या म्हाताऱ्याचा. मी पन हीच फाइल उतरवलीय. तुझा सांगतो आणि मग माझा लावतो. ऐक. डाउनलोड ओन्ली ठेव, फॉरमॅट नको. युजरडेटाची टिक काढ, एनव्हीरॅमची काढ. बाकी सगळ्या ऱ्हाऊ दे.”

“आणि ती मेटाडेटा?”

“केवढी हाय?”

“बत्तीस एमबी.”

“एवढीशी? ती काय करनार. ऱ्हाऊ दे.”

इरफान शिकला तेव्हाच्या फोनांत हे बरोबर होतं. आताच्या फोनांत युजरडेटाला कुलूप असतं आणि त्या कुलपाची किल्ली मेटाडेटा नावाच्या त्या एवढ्याशा डबीत असते. तिथे दुसऱ्या फोनची डबी येऊन बसली की तांदळाचा डबा जागच्या जागी राहतो, भरलेला, पण पुन्हा कधी उघडत नाही.

सबीहापुढे एक सोपा रस्ता होता. आजवर दोन-तीनदा तिने तोच धरला होता: “बरां” म्हणायचं, त्याला हवा तसा फोटो पाठवायचा, आणि मग गुपचूप टिक काढून टाकायची. आताही तिने “बरां” म्हटलं. फोटो पाठवला.

“छान,” इरफान म्हणाला. “दाब तू. मी पन दाबतो. केबल लावलीय.”

“थांबा,” सबीहा म्हणाली. “दाबू नका.”

“काय झाला?”

तिचा आवाज घाईत चढला. “ती डबी बारीक हाय पन किल्ली तिच्यात हाय. ही फाइल कुनाच्या तरी चालू फोनातनं काढलेली हाय. त्याची किल्ली आपल्यात गेली तर म्हाताऱ्याचा सगळा बंद पडंल, परत कोनालाच उघडायचा नाय. मेटाडेटाची काढा, पर्सिस्टची काढा, प्रोटेक्टच्या दोन्ही काढा, ते पन ज्याच्या त्याच्या फोनाचे डबे. मी मार्चमधी दोन फोन असेच केलेत.”

बोलून गेल्यावर तिला ऐकू आलं आपण काय बोललो ते.

“कधीपासना येता तुना हा सगळा?” इरफानने विचारलं.

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. “झाली दोन वर्सं.”

“मग मना रोज विचारतेस ती कशाला?”

ह्याचं उत्तर तिला देता आलं असतं. दोन वर्षं ते तिच्या जिभेवर होतं. पण जमलं नाही. “जेवून घ्या,” ती म्हणाली. त्याने फोन ठेवला.

सबीहाला रडू आलं नाही, लाज वाटली. आपण त्याला दोन वर्षं खेळवलं असं त्याला वाटणार, आणि हे कसं समजवायचं? ज्या एका जागी तो उस्ताद होता ती जागाही आपण काढून घेतली, असं तिला वाटत राहिलं. तिने उरलेल्या चार टिका काढल्या आणि बटण दाबलं.

चार वाजता बद्रियाचा फोन उघडला. सबीहाने तो पालथा घातला आणि पुढे सरकवला. बद्रियाने उचलून पाहिलं, आणि बराच वेळ ती नुसती बोट फिरवत राहिली. “सुवर मौजूद,” ती म्हणाली. मग पिशवीतून मेंदीचा कोन काढून तिने सबीहाचा डावा हात ओढला. सबीहा नको नको म्हणाली, पण बद्रिया ऐकणारी नव्हती. अर्ध्या तासात तळव्यापासून नखांपर्यंत वेली चढल्या. काम झाल्यावर बद्रियाने सवयीने हाताचा फोटो काढला आणि विचारलं, नवऱ्याला पाठवू? सबीहा म्हणाली, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी दीड वाजले. सबीहाने वही काढली. त्यात अकरा शंका शिल्लक होत्या, दोन तर खासच जमलेल्या. तिने वही परत ठेवून डबा उघडला. बांगड्याचं सार गार झालं होतं. तिसऱ्या दिवशी तिने ‘म्हाताऱ्याचा फोन झाला?’ असा मेसेज पाठवला. ‘झाला’ असं उत्तर आलं.

दिवस तसेच गेले. बायका आल्या, फोन घेऊन गेल्या. सनाला फोन लावला तर ती म्हणाली, “अम्मी, आय अ‍ॅम इन लॅब, मग कॉल करते हां,” आणि मग तिचा कॉल आला नाही. शुक्रवारी सबीहाने घरातली फळी पुसली, डबे जागच्या जागी लावले आणि जरा वेळ तिथेच उभी राहिली. घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि कुणी येणारही नव्हतं. जुना फोन तिने ड्रॉवरमधून काढून चार्जिंगला लावला. तो लगेच उघडला. त्याच्यावर कुणाचा फोन येणं शक्य नव्हतं हे तिला माहीत होतं, तरी संध्याकाळपर्यंत तिने तो उशाशी ठेवला. तळव्यावरची मेंदी पिवळी पडली, मग गेली. नखांवर तेवढी राहिली.

दहाव्या दिवशी दीड वाजता ती डबा उघडत होती तेव्हा फोन वाजला. इरफान आपणहून कधी दीड वाजता फोन करत नसे. तिने झाकण हातात धरूनच फोन कानाला लावला.

“काय झाला?”

“काय नाय,” इरफान म्हणाला. मग घसा खाकरला. “जेवलीस?”

“आता बसतेय.”

“एक शंका होती.”

सबीहाने हातातलं झाकण खाली ठेवलं. “बोला ना.”

“ती युजरडेटाची टिक असते,” इरफान म्हणाला, “ती काढायची, का ठेवायची?”

पहिल्या दिवसाचा, फळीसमोरचा धडा होता तो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितला असता. सबीहाला हसू आलं. किती बाळबोध शंका बनवली होती त्याने. नवशिका होता, हे कसब यायला वेळ लागतो. दहा दिवस तो हीच एक घेऊन बसला असणार, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं?

“आधी फळी डोळ्यासमोर आना,” ती म्हणाली, आणि तिने अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. मीठ, हळद, मसाला. कुठला डबा कुठून सुरू होतो, केवढा रुंद. कुठला पुसला तर चालतो आणि कुठला पुसला की माणसाचं नावगाव जातं. तो हं हं करत होता. मधे त्याने एकदा “जरा परत सांग” म्हटलं आणि तिने परत सांगितलं. पुढे काउंटरवर एक केरळी घोरायला लागला होता. अर्धा तास झाला.

“समजला?” तिने विचारलं.

“नाय.”

“काय नाय समजला?”

“काहीच नाय,” इरफान म्हणाला.

सबीहाने आपल्या नखांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “हा फोनवर नाय कळायचा. समोर बसून दाखवायला लागंल.”

तिने दोन वर्षांत एवढी कशाची वाट पाहिली नसेल.

“सकाळची बस घे,” इरफान म्हणाला. “आणि डाव्या बाजूला बस. दुपारनंतर उजवीकडनं ऊन येता.”